उलटी बसलेली टाकी

आमची ‘नोला जीन’ आता हूऑन नदीकाठच्या बागेत हिरवळीवर उभी आहे. खाली सिमेंटचे ठोकळे, बाजूला लाकडी जिना आणि जिन्यापाशी पितळी पाटी. पाटीवर लिहिलंय की ही शेवंडी पकडणारी बोट क्लॅरेन्स ट्रिफिट यांनी स्वतःच्या हातांनी बांधली, त्यांनी आणि त्यांचे चिरंजीव डेस्मंड यांनी ती टास्मानियाच्या दक्षिण किनाऱ्यावर अर्धं शतक चालवली, आणि एवढ्या काळात तिला एकदाही दुसऱ्या बोटीने ओढून आणावं लागलं नाही. वर कुणीही चढावं, पैसे पडत नाहीत. पोरं आइस्क्रीम खात केबिनमध्ये शिरतात आणि चाक गरागरा फिरवतात. बायका फोटो काढून घेतात.

डेस्मंड म्हणजे माझा नवरा डेस. क्लॅरेन्स म्हणजे माझा सासरा, आमच्या अख्ख्या केल्प बे गावाचा क्लॅरी. आणि बोटीला जिचं नाव आहे ती नोला, माझी नणंद. तिच्याबद्दल पाटीवर एक अक्षर नाही. बोट कधी ओढून आणावी लागली नाही याचं कारण एकटी तीच आहे, आणि हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, पाटी लिहून देणाऱ्या माझ्या नवऱ्यालासुद्धा. म्हणून मी लिहायला बसले. डेस हे वाचेल अशी भीती नाही. भरती-ओहोटीच्या वेळा सोडून त्याने आयुष्यात काही वाचलेलं नाही.

क्लॅरीने बोट घरामागच्या शेडमध्ये बांधली. हूऑन पाइनच्या पिवळ्या फळ्या, मधोमध शेवंडी जिवंत ठेवायचा हौद, त्याच्या मागे इंजिन. आमच्याकडे रीत अशी की बोटीत इंजिन उतरवायच्या दिवशी मालकाने सगळ्या धक्क्याला बिअर पाजायची. क्लॅरीने सकाळपासूनच पाजली. इंजिन नीट उतरलं. दुपारी डिझेलची टाकी उतरवायची वेळ आली तेव्हा दोरावर जेवढे हात होते तेवढे सगळे हात झिंगलेले होते, क्लॅरीचे धरून. टाकी लोखंडी, कपाटाएवढी. तिच्या एका अंगाला बोल्टांनी बसवलेलं झाकण असतं. ते उघडायचं, आत हात घालायचा, गाळ काढायचा, पुन्हा बंद करायचं. हे झाकण इंजिनाच्या बाजूला यायला हवं, म्हणजे माणसाला समोर बसून काम करता येतं. यांनी टाकी उलटी बसवली. झाकण गेलं हौदाच्या भिंतीकडे, आणि भिंत आणि टाकी यांच्यात फट राहिली जेमतेम एका खांद्याची.

हे लक्षात कधी आलं? वर डेक घालून, तासून, तेलपाणी करून झाल्यावर. तो डेक म्हणजे क्लॅरीचा जीव की प्राण. फळीला फळी अशी बसवली होती की धक्क्यावर येईल-जाईल त्याला तो म्हणायचा, “फट शोधून दाखव, बिअर माझ्याकडून.” टाकी फिरवायची तर डेक कापायला हवा होता. क्लॅरीने डेक कापला नाही. चुकलो असंही म्हणाला नाही. टाकी मुद्दामच तशी बसवलीय, असं सांगू लागला.

डिझेलच्या टाकीत पाणी कुठूनही येतं. आतल्या हवेचंच होतं. ते तळाशी बसतं आणि पाणी नि डिझेल यांच्या मध्ये काळी बुळबुळीत साय धरते. धक्क्यावर बोट बांधलेली असते तेव्हा ही घाण गुपचूप पडून राहते, इंजिन गोड चालतं. पॉइंटच्या, म्हणजे खाडीच्या तोंडाशी पुढे आलेल्या टोकाच्या, बाहेर गेलं, बोट हेलकावायला लागली, की ती ढवळून वर येते, नळीत शिरते, फिल्टर बसतो, आणि इंजिन दोन उचक्या देऊन गप्प होतं. पहिल्याच हिवाळ्यात ते तसं झालं, खडकांपासून हाकेच्या अंतरावर. क्लॅरीने कसंबसं शीड उभारलं आणि जीव वाचवला. घरी आला आणि दुसऱ्या दिवशी त्या फटीत कोण मावतं ते बघायला लागला. डेस तेव्हाही आडवातिडवा होता. स्नोई नावाचा क्लॅरीचा खलाशी होता, तो खांद्यापाशीच अडकला. मावली ती अकरा वर्षांची नोला.

“माझ्या नोलाचा हात बारीक आहे,” असं क्लॅरी पुढे सगळ्यांना सांगायचा. त्याला वाटायचं हे कौतुक आहे.

त्याने एक पाना करवतीने कापून आखूड केला, फटीत फिरेल एवढा. दर फेरीच्या आदल्या दिवशी नोला शाळेतून यायची, जुना फ्रॉक चढवायची आणि केबिनच्या जमिनीतल्या झडपेतून खाली उतरायची. इंजिनाला वळसा घालून, कुशीवर होऊन, एक हात पुढे करून फटीत शिरायची. तिथे दिसत काहीच नाही. बोल्ट बोटांनी मोजायचे आणि बोटांनी सोडवायचे. झाकण पोटाशी धरायचं. मग हात टाकीत घालून तळाची साय डब्याने उपसायची, चिंधीने कोपरे पुसायचे, झाकण बसवायचं, बोल्ट एकाआड एक आवळायचे. हे सगळं डोक्याला लागून असलेल्या हौदातल्या शेवंडींची खरखर ऐकत. नंतर ती नळ्या सोडून फुंकायची, फिल्टर बदलायची, आणि पंपाची दांडी हलवत राहायची, नळीतली हवा फुसफुस करून निघून जाईपर्यंत. फुसफुस थांबून नुसतं स्वच्छ डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. सगळं क्लॅरीने तिला एकदाच सांगितलं. पुन्हा सांगावं लागलं नाही.

आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिला धक्क्यावर उतरवायचा.

आमच्या मच्छीमारांची डोकी कशी आहेत ते सांगते. बोटीवर शिट्टी वाजवायची नाही. झडपेचं झाकण उताणं ठेवायचं नाही. आणि बाई घेऊन समुद्रात जायचं नाही. धक्क्याला बांधलेली असेल तोवर बाईने बोट पुसावी, रंगवावी, तिच्या पोटात शिरून गटार उपसावं, त्याला हरकत नाही. दोर सुटायच्या आत मात्र तिने खाली उतरायचं. क्लॅरीने त्यात आपली भर घातली होती. नोला उतरली की तो समुद्राचं बादलीभर पाणी काढायचा आणि ती जिथे उभी होती तिथे डेकवर ओतायचा. अपशकुन धुऊन जावा म्हणून! पोटची पोर धक्क्यावर उभी राहून हे बघतेय, तिच्या नखांत त्याच्याच टाकीची घाण आहे, आणि हा बादली ओततोय. मग म्हणायचा, “सोड दोर, पोरी.” ती सोडायची.

मी लग्न होऊन आले तेव्हा हे पहिल्यांदा पाहिलं. नोला तेव्हा चोविशीची होती, शिंपल्या सोलायच्या शेडमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर सुरी चालवायची. मी तिला म्हटलं, “तुझा बाप तुझ्या पायाखालची जागा धुतो आणि तू बघत उभी राहतेस? मी असते तर ती बादली त्याच्या डोक्यात घातली असती.”

“तू घातली असतीस, ग्वेन,” ती म्हणाली. “मग पुढच्या महिन्यात टाकी कोण धुणार? तू?”

“न धुतलेलीच जाऊ दे.”

“बोटीवर डेस पण असतो.” आणि सुरी चालवत राहिली.

ती अशीच. बोलायला बसली की दोन वाक्यांत संपवणारी. हसायची मात्र मोठ्याने. शेडमधल्या बायका तिच्याशेजारी बसायला धडपडायच्या, कारण ती मुकादमाची नक्कल हुबेहूब करायची. नाचाच्या हॉलवर यायची तेव्हा निळा ड्रेस घालून, केस दोनदा धुऊन. पण डिझेल केसांतून जात नाही. सफरचंदांच्या बागेतला एक माणूस तिच्याशी तीन शनिवार नाचला, आणि चौथ्या शनिवारी गमतीने म्हणाला, “तू पेट्रोलपंपावर झोपतेस का गं?” सगळे हसले. तीसुद्धा हसली. पुढच्या शनिवारी ती आली नाही, मग कधीच आली नाही. मी त्या माणसाला अजून ओळख देत नाही, आणि तो आता काठी टेकत चालतो.

वय वाढलं तसं अंग भरलं, पण त्या फटीत शिरायची तिला एक हिकमत जमली होती. सगळा श्वास सोडायचा, शिरायचं, मग थोडा थोडा घ्यायचा. उजवा खांदा त्यातच कामातून गेला. हाताची कातडी डिझेलने फुटायची, हिवाळ्यात भेगांतून रक्त यायचं. क्लॅरी म्हणायचा, लोकरीचं तेल लाव. डबी मात्र कधी आणून दिली नाही.

म्हातारा मरणाला टेकला तेव्हा आम्ही तिघंही हॉस्पिटलात होतो. त्याने डेसला जवळ बोलावलं आणि म्हणाला, “बोट तुझी. घरही तुझं. नोलाला काही लागत नाही, तिचं तिच्याजवळ आहे.” मला वाटलं बँकेत काही ठेवलं असेल तिच्या नावाने. नंतर विचारलं तर नोलाने एप्रनच्या खिशातून तो कापलेला पाना काढून टेबलावर ठेवला.

“हे माझ्याजवळ आहे,” म्हणाली.

मी त्या रात्री डेसशी भांडले. तो म्हणाला, “तिला बोट घेऊन काय करायचंय? ती बोटीवर जाते का?” याच माणसाशी मी अजून संसार करते आहे.

मग डेसने बोट चालवली. नोला टाकी धूत राहिली. डेसने बादलीही चालू ठेवली. बापाची पद्धत म्हणे. पुढे शेवंडीचे परवाने शहरातल्या सुटाबुटातल्यांनी विकत घ्यायला सुरुवात केली, ज्यांनी शेवंड ताटाबाहेर कधी बघितली नाही. डेसचे गुडघे गेले होते. त्याने परवाना विकला आणि बोट धक्क्याला बांधून ठेवली. पाच-सहा वर्षं ती तशीच बसून होती. नोला रोज संध्याकाळी धक्क्यावर जायची, तळातलं पाणी उपसायची, यायची. टाकी उघडायचं मात्र तिने बंद केलं. कुठे जायचंच नाही तर कशाला?

आणि मग कौन्सिलवाले आले. नदीकाठच्या बागेत जुनी बोट ठेवायची, आणि ती बोट बोटींच्या जत्रेच्या दिवशी, म्हणजे आमच्याकडे ज्याला रेगाटा म्हणतात त्या दिवशी, सगळ्या जुन्या बोटींच्या पुढे स्वतःच्या इंजिनावर नदीतून वर यायला हवी. मग क्रेनने उचलायची, इंजिन आणि टाकी काढून टाकायची, आणि हिरवळीवर ठेवायची. डेस दोन दिवस छाती पुढे काढून हिंडला. तिसऱ्या दिवशी इंजिन सुरू करून बघितलं. सुरू झालं. त्याने दोर न सोडताच गिअर टाकला, बोट थोडी हलली, आणि इंजिन दोन उचक्या देऊन बंद पडलं.

तो घरी आला तेव्हा चेहरा उतरला होता. रेगाटाला सगळी खाडी असणार. चार गावांची माणसं काठावर बसून बिअर पिणार. त्यांच्यासमोर क्लॅरी ट्रिफिटची बोट दुसऱ्याच्या दोराला बांधून ओढत न्यायची?

“डेक काप आता,” मी म्हटलं. “नाहीतरी टाकी काढून फेकणारच आहेत.”

“कौन्सिल म्हणते डेकला हात लावायचा नाही. डेक बघूनच तर बोट निवडलीय.”

“मग?”

त्याने कोट घातला आणि नोलाच्या घरी निघाला. मीही मागोमाग गेले. असला तमाशा मी चुकवत नाही.

नोलाने साठी ओलांडली होती. दाराशी आली, डेसकडे बघितलं, आणि त्याने तोंड उघडायच्या आत म्हणाली, “साय धरली असेल. वीतभर.”

“तुझ्याशिवाय कुणाला जमायचं नाही, नोला.”

“हे तू आत्ता म्हणतोस की डॅड म्हणतोय?”

डेस मान खाली घालून उभा राहिला. मग ती म्हणाली, “करते. पण मला बोटीवर यायचंय.”

“कुठे?”

“रेगाटाला. इथून दोर सुटल्यापासून तिथे बांधेपर्यंत. केबिनमध्ये उभी राहून. पॉइंटपाशी पोचल्यावर वळून मला आपला धक्का बघायचाय.”

“अगं, त्यासाठी ब्रूनी बेटाची फेरीबोट आहे की. रोज जाते,” डेस म्हणाला.

“फेरीबोटीवर माझं नाव नाही, डेस.”

मी मध्ये पडले. “हो म्हण,” मी त्याला म्हटलं. “इथे माझ्यासमोर म्हण, आणि हात मिळव.” त्याने हात पुढे केला. तिने तो धरला आणि लगेच सोडला नाही. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की एवढी वर्षं हिला काय हवं होतं. घर नाही, बोट नाही. आपल्या हातांनी चालती ठेवलेली ती बोट एकदा समुद्रात चालताना पायांखाली जाणवायला हवी होती, बस्स.

काम चार दिवस चाललं. पहिल्या दिवशी ती फटीपाशी गेली आणि परत आली. मावत नव्हती. लोकरीचा स्वेटर काढला, पुन्हा गेली, पुन्हा परत. मी वर झडपेपाशी बॅटरी धरून बसले होते. तिसऱ्या वेळी तिने अंगात नुसता गंजीफ्रॉक ठेवला, सगळ्या अंगाला वंगण चोळलं, श्वास सोडला आणि शिरली. बराच वेळ खालून काही ऐकू आलं नाही.

“नोला?”

“बोलू नकोस. श्वास वाया जातो.”

मग पान्याचा आवाज आला. टक, टक. एक बोल्ट गंजून धरला होता. त्याला तिने तेल पाजलं, बाहेर आली, चहा प्यायली, पुन्हा गेली. संध्याकाळपर्यंत झाकण निघालं. आतली घाण मी डब्याडब्याने वर घेतली. काळी, थलथलीत, मेलेल्या माशाच्या वासाची. तळाशी नुसतं पाणी. तिने टाकीचा कोपरा न् कोपरा पुसला. मी म्हटलं, “अगं, दोन तासांची तर फेरी. क्रेनने उचलली की भंगारातच जायचीय ही टाकी. एवढं कशाला?”

खालून आवाज आला, “पॉइंटपाशी लाट आडवी येते. थोडी जरी राहिली तरी तिथे वर येईल.”

बाहेर आली तेव्हा बगलेपासून कमरेपर्यंत सोललेली होती. उजवा हात वर होत नव्हता. डेस वर धक्क्यावर उभा होता. त्याने ते बघितलं आणि तो दुसरीकडे बघायला लागला. पुढचे दोन दिवस तिने डाव्या हाताने तांब्याच्या नळ्या बदलल्या, दोन फिल्टर घातले, पंपाची दांडी हलवून हवा काढली. बुडबुडे थांबेनात. एका जोडाला केसाएवढी चीर होती, ती तिने जीभ लावून शोधली. चौथ्या दिवशी इंजिन सुरू झालं आणि दुपारभर चाललं. धक्क्यावरचे म्हातारे गोळा झाले. स्नोईही आला. त्याचं डोकं तरुणपणीच पांढरं झालं होतं म्हणून हे नाव. बोटीचा पहिला खलाशी, आता ऐंशीच्या घरातला.

“वा, पोरी,” तो नोलाला म्हणाला. “तुझ्या बापाला बरं वाटलं असतं.”

“तुला बरं वाटतंय ना? मग झालं,” नोला म्हणाली.

“मी येतोय बरं का शनिवारी. डेसने सांगितलंय, पुढे तू उभं राहायचं.”

“मीही येतेय,” नोला म्हणाली. स्नोई हसला. त्याला वाटलं गंमत करतेय. मग त्याने डेसकडे बघितलं. डेस इंजिनाकडे बघत होता.

घरी आल्यावर मी डेसला विचारलं, “स्नोईला सांगितलंस ना?”

“सांगतो.”

“शनिवारी भरती सातची. आम्ही साडेसहाला येतो.”

“हो गं बाई, या,” तो म्हणाला.

शुक्रवारी नोलाने करी घातलेल्या शिंपल्यांच्या पाई केल्या. डेसला आवडतात म्हणून चार जास्त, आणि स्नोईला दात नाहीत म्हणून त्याच्यासाठी सारण मऊ. निळा कोट नवीन घेतला होता. केस धुतले होते. सकाळी मी गाडी घेऊन तिच्या दारात गेले, तर ती पायरीवर टोपली मांडीवर घेऊन बसलेली. गाडीत म्हणाली, “ग्वेन, मला बोट लागली तर?”

“तुला? तिच्या पोटात उलटी लोंबकळलीस जन्मभर, तुला काय लागणार आहे!”

ती मोठ्याने हसली, शेडमध्ये हसायची तशी. वळण संपलं, आणि धक्का दिसला, आणि धक्क्याला बोट नव्हती.

सहा वाजून गेले होते, साडेसहा व्हायचे होते. ‘नोला जीन’ खाडीत पुढे गेली होती, झेंडे लावलेली. माणसं ओळखू येतील एवढी मात्र जवळ होती. केबिनमध्ये डेसचा लाल स्वेटर दिसत होता. आणि मागे डेकवर स्नोई वाकला, बादली पाण्यात सोडली, ओढून घेतली, आणि जिथे नोला चार दिवस उभी राहिली, बसली, झडपेतून वर-खाली झाली, तिथे ओतली. मग पुन्हा सोडली. दुसरी ओतली.

मी गाडीचा हॉर्न दाबून धरला. डेसने वळून बघितलं. हात वर केला, जसा धक्क्यावरच्या कुणालाही करतात तसा, आणि पुन्हा पुढे बघायला लागला. नंतर त्याने मला सांगितलं की स्नोई पायच ठेवायला तयार नव्हता, आणि शेवटच्या फेरीला काही विपरीत घडलं असतं तर लोकांनी काय म्हटलं असतं. नोलाला बागेत नेऊ की, म्हणाला, तिथे बोटीवर बस म्हणावं हवं तेवढं. माझ्या तोंडात तेव्हा जे शब्द आले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

नोला धक्क्याच्या टोकाला गेली. टोपली खाली ठेवली. मी काहीतरी बोलायला लागले, आक्रस्ताळेपणाने, तर तिने हात करून मला गप्प केलं. ती ऐकत होती. मला आधी कळेना काय ते. पाण्यावरून इंजिनाचा आवाज येत होता, सारखा, एका लयीत. बोट पॉइंटकडे चालली होती. पॉइंटपाशी लाट आडवी येते. बोट तिथे पोचली आणि डोलायला लागली, झेंडे एकदा इकडे, एकदा तिकडे. नोलाने डोळे मिटले. ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं काही म्हणतेय. जवळ गेले तेव्हा ऐकू आलं. ती हळूच, एकसारखी म्हणत होती, “बंद पड. बंद पड. बंद पड.”

इंजिन चुकलं नाही. एक उचकीसुद्धा नाही. बोट लाटेवरून सरळ गेली, वळली, आणि पॉइंटच्या आड झाली. आवाज बराच वेळ येत राहिला, स्वच्छ, मग तोही गेला.

नोलाने डोळे उघडले आणि आपल्या हाताकडे बघितलं.

“एक कोपरा,” ती म्हणाली. “एक कोपरा तरी न पुसता ठेवायला हवा होता मी.”